एकच लिंक, पाच रूपं: दोन पत्ते ‘सारखे’ आहेत हे ठरवायचं कसं?

खाडीकाठचा_बगळा (ऐरोली)

मंडळी, विषय जरा किचकट आहे, पण इथे जाणकार बरेच आहेत म्हणून टाकतोय.

ठाणे खाडीवर मराठीत नेटवर जे जे लिहिलं गेलंय त्याची एक यादी आम्ही काही जण मिळून करतोय. फ्लेमिंगो, कांदळवन, मिठागरं, कोळीवाडे, २०१५ ला अभयारण्य जाहीर झालं तेव्हाच्या बातम्या, २०२२ मध्ये रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत) नाव आलं त्यानंतरचे लेख, सगळंच. एकाची एक्सेल आहे, दुसरीने व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या लिंका वहीसारख्या एका फाइलीत चिकटवल्यात, आणि तिसऱ्याने स्क्रिप्ट चालवून शोधनिकाल गोळा केलेत. तिन्ही एकत्र केल्यावर एकेक लेख चार-चार वेळा येतोय आणि एक्सेलचं ‘डुप्लिकेट काढा’ बटण ढिम्म हलत नाही.

नमुना म्हणून पत्त्यातला फक्त ‘ठाणे’ एवढाच तुकडा देतो. इंग्रजी अक्षरं देवनागरीत लिहितोय, कारण इथल्या एडिटरला टक्क्याचं चिन्ह दिसलं की तो त्याची लिंक करून टाकतो आणि कुणालाच काही वाचता येत नाही.

१) /ठाणे
२) /%ई०%ए४%ए०%ई०%ए४%बीई%ई०%ए४%ए३%ई०%ए५%८७
३) वरचंच, पण ई, ए, बी ही अक्षरं स्मॉल
४) /%यू०९२०%यू०९३ई%यू०९२३%यू०९४७
५) ?शोध=%२६%२३२३३६%३बी%२६%२३२३६६%३बी… असं पुढे बरंच

यातले एक कुठले आणि वेगळे कुठले? आणि हे मशीनला कसं सांगायचं?

टीटीसी_शटल (महापे)

पहिले तीन एकच. डोळे झाकून एकत्र करा.

युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारी यादी; तिच्यात ‘ठ’चा षोडशमान क्रमांक ०९२०. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे ते क्रमांक बाइटांत साठवायच्या एका पद्धतीत (एन्कोडिंगमध्ये), लिहिला की त्याचे तीन बाइट होतात: ई०, ए४, ए०. पत्त्यात इंग्रजी अक्षरं, आकडे आणि मोजकी चिन्हं सोडून काही थेट जात नाही, म्हणून प्रत्येक बाइटच्या आधी % लावून दोन अक्षरांत तो लिहायचा (यालाच मी पुढे ‘टक्केवारी’ म्हणतोय). म्हणजे देवनागरीतल्या एका चिन्हाला नऊ अक्षरं. ‘ठाणे’मध्ये ठ, काना, ण, मात्रा अशी चार चिन्हं, म्हणून तुमचा दुसरा नमुना छत्तीस अक्षरांचा झाला. ब्राउझर वर पट्टीत तुम्हाला पहिला दाखवतो आणि कॉपी केलात की दुसरा हातात देतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली यादी अशी का दिसते, ते यावरून लक्षात येईल.

तिसऱ्यात फक्त कॅपिटल-स्मॉलचा फरक आहे. % नंतरच्या दोन अक्षरांत तो धरायचा नाही, असं आरएफसी ३९८६ या पत्त्यांचे नियम सांगणाऱ्या इंटरनेट-मानकात स्पष्ट लिहिलंय (जानेवारी २००५, टिम बर्नर्स-ली, रॉय फील्डिंग, लॅरी मॅसिंटर). लिहिताना कॅपिटल वापरा असा सल्लाही तिथेच आहे. वर्डप्रेस मात्र लेखाच्या पत्त्यात हे स्मॉलमध्येच ठेवतं. विकिपीडियावरून उचललेली लिंक कॅपिटल, वर्डप्रेस ब्लॉगवरची स्मॉल, हे तुमच्या यादीत सर्रास दिसेल.

चौथा म्हणजे जावास्क्रिप्टच्या जुन्या ‘एस्केप’ फंक्शनची करामत. %यू हा प्रकार आरएफसीच्या व्याकरणात बसतच नाही. नवी फंक्शन्स १९९९ पासून आहेत, तरी जुना कोड कुठे ना कुठे जिवंत असतो. काही सर्व्हर तो समजून घेतात, बाकीचे तोंडावर एरर मारतात.

पाचवा मजेशीर आहे, त्यावर रात्री लिहितो. शटल आली.

तर्रीवाला_नौपाडा

एवढं पुराण कशाला? सगळे पत्ते डीकोड करा, म्हणजे टक्केवारी काढून मूळ अक्षरं करा, मग तुलना करा. पायथनमध्ये एका ओळीचं काम आहे. झालं.

टीटीसी_शटल (महापे)

तर्रीवाले, तिथेच तर गोम आहे. पत्त्यात काही चिन्हांना काम नेमून दिलेलं असतं. तिरकी रेघ पायऱ्या पाडते, प्रश्नचिन्हापासून चौकशीचा भाग सुरू होतो, ‘अँड’चं चिन्ह दोन मूल्यं वेगळी करतं. %२एफ म्हणजे तिरकी रेघच, पण ‘ही मजकुरातली रेघ आहे, पायरी नव्हे’ असं सांगणारी. ‘/अंक/२०१५%२एफ१६’ आणि ‘/अंक/२०१५/१६’ हे दोन वेगळे पत्ते आहेत. सरसकट डीकोड केलं की दोन्ही एक झाले, आणि त्यातला एक लेख यादीतून गेला.

डीकोड फक्त त्यांचंच करायचं ज्यांना कसलंच काम दिलेलं नाही: इंग्रजी अक्षरं, आकडे, आडवी रेघ, टिंब, अंडरस्कोअर आणि ती नागमोडी टिल्ड. %७ई आणि टिल्ड एकच. गंमत म्हणजे पायथन स्वतः ३.७ येईपर्यंत टिल्डला टक्केवारीत घालायचं, त्यानंतर सुधारलं. म्हणजे जुन्या आणि नव्या मशीनवर एकच स्क्रिप्ट चालवली तरी दोन वेगळ्या याद्या मिळू शकतात.

आता पाचवा. पान यूटीएफ-८ मध्ये असेल तर काही प्रश्न नाही. पण जुनी पानं विंडोज-१२५२ या युरोपीय अक्षरांच्या जुन्या संचात असायची, त्या संचात देवनागरी नाहीच. अशा पानावरच्या चौकटीत तुम्ही ‘ठाणे’ लिहून शोध दाबला की ब्राउझर काय करतो? ‘ठ’चा दशमान क्रमांक घेतो, २३३६, त्याच्या आधी ‘अँड’चं आणि जाळीचं चिन्ह लावतो, शेवटी अर्धविराम, आणि मग हे सगळं टक्केवारीत घालतो. %२६ म्हणजे अँड, %२३ म्हणजे जाळी, मग २३३६, आणि %३बी म्हणजे अर्धविराम. पुढचा २३६६ हा तुमचा काना.

आणखी एक. हे फक्त प्रश्नचिन्हानंतरच्या भागात होतं. त्याआधीचा मार्ग ब्राउझर कुठल्याही पानावरून यूटीएफ-८ मध्येच पाठवतो. म्हणजे एकाच पत्त्याच्या पुढच्या अर्ध्यात एक एन्कोडिंग आणि मागच्या अर्ध्यात दुसरं, हे अगदी कायदेशीर आहे!

येऊरची_पायवाट

मी ग्रंथालयाच्या बाजूने बोलते. बगळेदादा, आधी हे ठरवा की कुठली चूक तुम्हाला परवडते.

एकच लेख यादीत दोनदा राहिला तर वाचणारा फार तर वैतागेल. पण दोन वेगळे लेख एकच समजून एक उडवलात तर तो गेलाच, आणि गेला हे कुणाला कळणारही नाही. शटल म्हणतात त्या आरएफसीचा सहावा भाग याच पायावर उभा आहे. आधी अक्षराला अक्षर ताडून बघायचं. मग कॅपिटल-स्मॉल, मग टक्केवारी, मग मार्गातल्या टिंबांच्या पायऱ्या, मग ८० नंबरच्या पोर्टसारखे योजनेचे (पत्त्याच्या सुरुवातीच्या ‘एचटीटीपी’चे) नियम. जितकं वर चढाल तितकी मेहनत वाढते आणि सुटलेल्या जोड्या कमी होतात. पण कुठल्याही पायरीवर ‘वेगळं असून सारखं’ असा निकाल निघता कामा नये. तर्रीवाल्यांची एक ओळ नेमकं तेच करते.

तर्रीवाला_नौपाडा

ताई, हे पुस्तकातलं झालं. खऱ्या यादीत %२एफ किती वेळा येतं? मला तरी कधी दिसलेलं नाही. यूटीएफ-८ सगळीकडे आहे आता.

कळव्याचा_कारकून

‘सगळीकडे’ म्हणू नका हो. आम्ही यूटीएफ-८ च्या आधीचे.

यूटीएफ-८ केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये आखलं, पण आपल्या टेबलावर यायला किती वर्षं गेली ते आम्हाला ठाऊक. आमच्या कार्यालयात फाइलींची नावं इस्कीमध्ये, म्हणजे भारतीय लिप्यांच्या जुन्या एन्कोडिंगमध्ये होती. तेही भारतीय मानकच, आयएस १३१९४, साल १९९१. त्यात देवनागरीचं जवळजवळ प्रत्येक चिन्ह एकाच बाइटचं. ‘ठाणे’ म्हणजे बीई, डीए, सी१, ई१. चार बाइटांत काम तमाम! पुढे कुणीतरी ते फोल्डर जसंच्या तसं सर्व्हरवर ठेवलं, आणि पत्ता झाला /%बीई%डीए%सी१%ई१.

आता हे तर्रीवाल्यांच्या एका ओळीत घाला. पायथन ते यूटीएफ-८ समजून वाचायला जातं. एकही बाइट बसत नाही, म्हणून प्रत्येकाच्या जागी तो काळा चौकट-प्रश्न टाकतं. झाले चार प्रश्न. मग ‘वाशी’ घाला: इस्कीत डी४, डीए, डी५, डीसी. त्याचेही चार प्रश्न. करा तुलना! ठाणे आणि वाशी एकच गाव.

तर्रीवाला_नौपाडा

😂 खाडी बुजवली म्हणायची. आत्ता चालवून बघितलं, खरंच चार-चार प्रश्नचिन्हं आली. पण मग असं करा ना, इस्की ओळखून त्याचं यूटीएफ-८ करून घ्या आणि मग ताडा.

टीटीसी_शटल (महापे)

ओळखणार कशावरून? पत्त्यात बाइट असतात, त्यांचं एन्कोडिंग कुठेही लिहिलेलं नसतं. बीई हा बाइट इस्कीत ‘ठ’ आहे, विंडोज-१२५२ मध्ये पाऊणचं चिन्ह आहे, आणि यूटीएफ-८ मध्ये एकटा असेल तर काहीच नाही. नवी मुंबईत नुसतं ‘सेक्टर १५’ सांगून रिक्षात बसण्यासारखं आहे हे. वाशीलाही आहे, बेलापूरलाही आहे. नोड सांगितल्याशिवाय गाडी कुठे न्यायची?

आरएफसी ३९८७ हे खास इंग्रजीबाहेरच्या अक्षरांच्या पत्त्यांसाठी आहे. त्याच्या लेखकांपैकी एक मार्टिन ड्युर्स्ट, आणि त्यांच्या आडनावात तो दोन टिंबांचा यू येतो. उदाहरणाला त्यांनी स्वतःचंच आडनाव घेतलंय. यूटीएफ-८ मध्ये तो %सी३%बीसी, लॅटिन-१ या जुन्या युरोपीय संचात %एफसी. पहिल्याचं अक्षर करून दाखवायला हरकत नाही. दुसरा मात्र टक्केवारीतच राहू द्यायचा, कारण तो यूटीएफ-८ म्हणून वैध नाही आणि तो कुठला हे आपण ठरवायचं नसतं. तो निवाडा सर्व्हरचा. कारकूनकाकांच्या फोल्डरलाही हाच न्याय.

खाडीकाठचा_बगळा (ऐरोली)

वा, बरंच उलगडलं. शटलभाऊंचे नियम लावले (टक्केवारी कॅपिटल, बिनकामाच्या चिन्हांचं डीकोड, उघड्या देवनागरीचं यूटीएफ-८), आणि यादी भसकन खाली आली. पण दोन कोडी उरलीत.

एक: एक्सेलवाल्या फाइलीतली अगदी पहिली लिंक कशाशीच जुळत नाही. बाकीच्या जुळतात.

दोन: ‘खाडीकिनाऱ्यावर’ या शब्दाचे दोन पत्ते आलेत. दोन्ही यूटीएफ-८, दोन्ही कॅपिटल, पडद्यावर तंतोतंत सारखे. आतून बघितलं तर ‘ना’ नंतर एकात %ई०%ए४%बी१%ई०%ए५%८डी आहे आणि दुसऱ्यात %ई०%ए४%बी०%ई०%ए५%८डी%ई२%८०%८डी. हा काय प्रकार?

टीटीसी_शटल (महापे)

पहिलं सोपं आहे. एक्सेलमधून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ म्हणून सेव्ह केलंत ना? ते फाइलीच्या सुरुवातीला ईएफ बीबी बीएफ असे तीन न दिसणारे बाइट ठेवतं. तेच पहिल्या लिंकेला चिकटलेत. वाचतानाच काढून टाका. आणि कुणी ‘युनिकोड टेक्स्ट’ म्हणून सेव्ह केली असेल तर ती यूटीएफ-१६ मध्ये असते, ‘ठ’चे बाइट तिथे २० ०९. फाइलींचे बाइट ताडू नका, आधी दोन्ही अक्षरांत वाचून घ्या आणि मग अक्षरं ताडा. फाइलीचं एन्कोडिंग ही एक गोष्ट आणि पत्त्याच्या आत टक्केवारीत दडलेलं ही दुसरी.

दुसरं ताईंसाठी सोडतो.

येऊरची_पायवाट

हे आपलं खास मराठी दुखणं. ‘किनाऱ्या’तला तो पापणीसारखा र तीन तऱ्हांनी लिहिता येतो:

– सुटा ‘ऱ’ (०९३१) आणि हलन्त. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून र ची कळ मारली की हाच येतो.
– साधा र, खाली नुक्ता (०९३सी), मग हलन्त.
– साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारा जोडक, म्हणजे झेडडब्ल्यूजे (२००डी). बगळेदादांचा दुसरा पत्ता हा. ते ई२ ८० ८डी म्हणजे तोच जोडक.

पहिले दोन युनिकोडच्या लेखी समान आहेत. एनएफसी नावाचं प्रमाणीकरण चालवलं की दुसऱ्याचा पहिला होतो. जुन्या मॅकवरून चढवलेल्या फाइलींमध्ये दुसरा प्रकार हमखास सापडतो, कारण तिथली एचएफएस प्लस ही फाइलव्यवस्था नावं फोडूनच ठेवायची. तिसरा मात्र कशातही बसत नाही. एनएफसी त्याला हात लावत नाही.

असंच ‘ॲप’चं. ‘ॲ’ हे एकसंध अक्षर (०९७२) युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधी ‘अ’ला चंद्र जोडून भागवायचे, आणि अजूनही कित्येक कळफलक तेच देतात. दिसायला जुळे भाऊ, पण युनिकोड त्यांना समान मानत नाही.

तर्रीवाला_नौपाडा

म्हणजे इथे तरी माझं ऐका! जोडक काढून टाका, ‘ऱ’ एक करा, ‘ॲ’ एक करा. मराठी माणसाला ते एकच दिसतं, मग एकच धरायचं. नियम लिहिणाऱ्यांना किनाऱ्याशी काय देणंघेणं?

येऊरची_पायवाट

वाचणाऱ्यासाठी एकच, मान्य. पण तुम्ही वाचक ताडत नाही आहात, पत्ता ताडताय. बहुतेक सर्व्हर बाइटच जुळवतो. जोडक असलेल्या नावाने फाइल ठेवली असेल आणि तुम्ही जोडक काढून मागितलीत तर ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’. आरएफसी ३९८७ तर एनएफसीसुद्धा तुलनेच्या वेळी चालवू नका म्हणतं. पत्ता तयार होतानाच तो प्रमाणित केलेला असेल असं धरून चालायचं.

म्हणून दोन रकाने ठेवा. एकात पत्ता जसा आला तसा, त्याला बोट लावायचं नाही. दुसऱ्यात ‘जुळणीची किल्ली’: त्यात एनएफसी करा, जोडक काढा, ‘ॲ’ एक करा, हवं ते करा. किल्ली जुळली म्हणजे ‘या दोघांकडे माणसाने बघावं’ एवढाच अर्थ. आपोआप काही उडवायचं नाही.

तर्रीवाला_नौपाडा

हां, दोन रकाने चालतील. पण माणसाने बघायचं म्हणजे बगळ्याच्या रविवारची वाट.

कळव्याचा_कारकून

बघावंच लागतं, तर्रीवाले. वर्डप्रेसचं एक सांगतो. तिथे लेखाचा पत्ता टक्केवारीत साठवतात आणि त्या रकान्याला २०० अक्षरांची मर्यादा आहे. इंग्रजी मथळ्याला ती पुरून उरते, आपल्याला एका चिन्हामागे नऊ जातात. समजा मथळा आहे ‘ठाणे खाडीकिनाऱ्यावरचे फ्लेमिंगो’. पहिला शब्द ३६, दुसरा १४४, मधल्या दोन रेघा, आणि ‘फ्’ला अठरा. बरोब्बर २०० झाले. पत्ता ‘ठाणे-खाडीकिनाऱ्यावरचे-फ्’ इथेच तुटतो. ‘लेमिंगो’ उडाले!

पुढच्या वर्षी त्याच ब्लॉगवर त्याच मथळ्याचा दुसरा लेख आला तर वर्डप्रेस शेपटीला ‘-२’ लावतं, आणि त्यासाठी जागा करायला आधीचं आणखी कापतं. पत्त्यांच्या याद्या साफ करणारे हौशी लोक असल्या शेपट्या ‘कॉपी असेल’ म्हणून छाटतात. दोन वर्षांचे दोन लेख, राहतो एक.

सानपाडा_लोकल

मध्येच विचारतो, आमच्या मंडळाचं नाव .भारत मध्ये घ्यायचं चाललंय. तिथेही हेच टक्केवारीचं लफडं का?

टीटीसी_शटल (महापे)

नाही, डोमेनचा संसार वेगळा. तिथे ब्राउझर टक्केवारीऐवजी प्युनिकोड, म्हणजे नाव नुसत्या इंग्रजी अक्षर-आकड्यांत लिहायची पद्धत, वापरतो (आरएफसी ३४९२, २००३). ‘.भारत’ खरं तर ‘एक्सएन--एच२बीआरजे९सी’ म्हणून फिरतो. देवनागरी .भारत २७ ऑगस्ट २०१४ पासून सुरू आहे, मराठीही त्यात आहे. तुलना करताना दोन्ही नावं एक्सएनच्या रूपात आणा आणि सगळं स्मॉल करा. डोमेनमध्ये कॅपिटल-स्मॉलला किंमत नाही, तिरक्या रेघेनंतर मात्र असते. फक्त मंडळाच्या नावात पापणीवाला र असेल तर घेण्याआधी ताईंची पोस्ट परत वाचा. २००३ चे डोमेननियम तो जोडक गुपचूप गाळायचे, २०१० चे नियम हलन्तानंतर तो चालवून घेतात. म्हणजे एकच दिसणारं नाव जुन्या आणि नव्या सॉफ्टवेअरमध्ये दोन वेगळ्या दारांवर नेऊन सोडू शकतं.

सानपाडा_लोकल

नाव ‘नवतरुण’ आहे. सुटलो.

खाडीकाठचा_बगळा (ऐरोली)

दोन रकाने केले. किल्ली जुळलेल्या जोड्यांसाठी दोन्ही लिंका शेजारी-शेजारी उघडायचं पान बनवलंय. कारकूनकाका, इस्कीवाले पत्ते वेगळ्या फाइलीत काढलेत, तुम्हाला पाठवतो.

स्क्रिप्टवाल्या यादीत %२५ई०%२५ए४ असेही निघाले. ते % चंच परत एन्कोडिंग झालंय ना? एकदा सोलले की नीट दिसतात.

टीटीसी_शटल (महापे)

हो, %२५ म्हणजे टक्क्याचं चिन्ह. स्क्रिप्टने आधीच टक्केवारीत असलेला पत्ता पुन्हा टक्केवारीत घातलाय. पण सोललेला पत्ता म्हणजे तोच पत्ता असं नियम म्हणत नाही. सोललेला उघडतोय आणि मूळ उघडत नाही अशी खात्री झाली तरच बदला, आणि एकदाच सोला. ‘सोलत राहा, बदल थांबेपर्यंत’ असला लूप लिहिलात तर ज्याच्या मजकुरात खरोखर %२५ आहे तो ‘१००%२५ कांदळवन’ हकनाक जाईल.

तर्रीवाला_नौपाडा

एक शेवटचं. किल्लीत अधिकचं चिन्ह आणि %२० दोन्ही रिकामी जागा धरू ना?

टीटीसी_शटल (महापे)

प्रश्नचिन्हानंतर धरा, फॉर्ममधून आलेली रिकामी जागा तिथे अधिकच्या चिन्हाने येते. प्रश्नचिन्हाच्या आधी अधिक म्हणजे अधिकच. ‘/दहावी+बारावी’ आणि ‘/दहावी%२०बारावी’ ही दोन वेगळी पानं आहेत.